सूनबाईचं नाव उजवीकडून

दारावर नवी पाटी लावायची, एवढंच सरांनी ठरवलं होतं. आता पाटी लावण्यात असं काय आहे? दाराला दोन भोकं पाडायची, दोन स्क्रू पिळायचे आणि दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून बघायचं. बहुतेक माणसं हे काम सुट्टीच्या सकाळी उरकतात आणि वर दुपारी निवांत झोपतात. सरांनी मात्र या कामापायी इमारतीची कमिटी, समोरचे डॉक्टर, एक पाटीवाला, त्या पाटीवाल्याचा मेहुणा आणि एक अख्खी प्राचीन लिपी एवढ्या सगळ्यांना वेठीला धरलं. शिवाय स्वतःची झोप घालवली ती वेगळीच.

सर म्हणजे टायपिंगचे सर. रिटायर होईपर्यंत त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला. अर्ध्या गावाची बोटं त्यांनी वळणावर आणली. कीबोर्डकडे बघून टाईप करणं त्यांच्या लेखी चोरी करण्याइतकं वाईट होतं. विद्यार्थ्यांच्या हातांवर ते पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालत आणि म्हणत, "बोटांना डोळे असतात. ते उघडा, हे मिटा." त्यामुळे बँकेत, दवाखान्यात, भाजी घेताना, कुठेही गेले तरी कोणीतरी उठून "सर, ओळखलंत का?" म्हणायचंच. मान मोठा होता आणि सरांना तो आवडतही होता. अडचण एकच होती. घरची सूनसुद्धा त्यांना सरच म्हणायची.

यात तिचा काहीच दोष नव्हता. लग्न झालं आणि महिन्याभरात सरांचा मुलगा बोटीवर नोकरीला निघून गेला. जाताना बायकोला सांगून गेला, "बाबांना सगळे सर म्हणतात, तूही म्हण, त्यांना बरं वाटतं." मुलांना बापाबद्दल इतकंच कळतं. तेव्हापासून घरात "सर, भाजी वाढू?" "सर, गिझर बंद करू का?" असं चालू झालं. सर पानावर बसलेले असायचे, समोर ती अदबीने उभी. सरांना वाटायचं, आता ही हजेरीच देणार. एकदा त्यांना ठसका लागला, तर ती पाण्याचा पेला घेऊन धावत आली आणि म्हणाली, "सर, सावकाश." घास घशाखाली उतरला, पण तो 'सर' काही उतरेना.

आता सुनेला "मला दुसरं काहीतरी म्हण" असं सांगायचं कसं? अशा गोष्टी मागून घ्यायच्या नसतात. मागून मिळाल्या तर त्यांची गोडी जाते. तिचे वडील ती शाळेत असतानाच वारले होते. त्यामुळे 'बाबा' हा शब्द तिच्यासाठी सोपा नसेल, एवढं सरांना कळत होतं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांकडून बारीक बारीक अक्षरं वाचून घ्यायची आणि घरी येऊन गप्प बसायची. नवरा समुद्रावर, माहेर लांब. घर म्हणायला आपलं, पण वावर पाहुण्यासारखा. कप विसळायलासुद्धा विचारून घ्यायची.

अशात विहीणबाईंचा फोन आला की त्या आठवडाभर लेकीकडे राहायला येतायत. लग्नानंतर पहिल्यांदाच. सरांनी दारावरच्या जुन्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर त्यांचं एकट्याचं आडनाव इंग्रजीत आणि पुढे फ्लॅटचा नंबर. विहीणबाई दारात उभ्या राहणार आणि त्यांना लेकीचं नावसुद्धा दिसणार नाही! त्या क्षणी सरांच्या डोक्यात ते आलं. नवी पाटी करायची. पितळेची. तिच्यावर आडनावाच्या बरोबरीने सूनबाईचं नाव, आणि तेही तिच्या लिपीत. तिचं माहेर ज्यू, तिथे सगळे हिब्रू लिहायचे, वाचायचे. आपलं नाव आपल्या अक्षरांत दारावर दिसलं की तिला हे घर आपलं वाटेल. आणि मग कदाचित, असं सर मनातल्या मनात आणि तेही घाईघाईने म्हणाले, कदाचित ते 'सर' सुटेल.

"तिलाच विचारा की कसं लिहायचं ते," सरांची बायको म्हणाली.

"मग अचानक कसं होईल?"

"तुमचं काहीही अचानक होत नाही हो. तुम्ही खिळा ठोकलात तरी आठवडाभर आधी सगळ्या जिन्याला माहीत असतं."

हे खरं होतं, म्हणून सरांनी पायात चपला सरकवल्या.

आधी कमिटी गाठायला हवी होती. इमारतीत पाट्यांबद्दल नियम होता. तो कसा झाला तीही एक गोष्टच आहे. पूर्वी दुसऱ्या मजल्यावर दोन भाडेकरूंची एकच सामाईक पाटी होती आणि कोणाच्या भाषेतलं नाव वर असावं यावरून त्यांचं इतकं वाजलं की लिफ्टमध्येही ते एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. तेव्हा कमिटीने ठराव केला: कोणी वर नाही, कोणी खाली नाही. पाटीवर इंग्रजी हवंच. दुसरी कुठलीही लिपी चालेल, पण ती इंग्रजीच्या शेजारी, त्याच ओळीत, त्याच उंचीची. फ्लॅटचा नंबर ओळीच्या शेवटी. टाईप केलेला नमुना आधी दाखवायचा.

"हिब्रू?" सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला. "ती उजवीकडून लिहितात ना?"

"हो."

"मग तुमची पाटी दोन्ही टोकांनी सुरू होणार आणि मधे येऊन धडकणार. नियमात धडकण्याबद्दल काही नाही." त्यांनी जरा विचार केला. "पण मनाईही नाही. आणा नमुना."

टाईप करणं! सर हसत हसत घरी आले. उभा जन्म टाईप करण्यात गेलेल्या माणसाला चार अक्षरांची काय मातब्बरी? सूनबाई कामावर गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि डॉक्टरांना बोलावून हिब्रू भाषा चालू करून घेतली. समोरचे डॉक्टर म्हणजे दातांचे. दवाखाना मुलीकडे सोपवल्यापासून ते शेजाऱ्यांच्या अडचणींत हात घालायचे, आणि ज्या अडचणीत एकदा हात घातला ती मुळासकट उपटल्याशिवाय सोडायची नाही हा त्यांचा बाणा होता.

नाव कसं लिहायचं ते सरांनी सूनबाईच्या एका जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरून उतरवून घेतलं होतं. तिथे तिने शाळेत असताना शाईने स्वतःचं नाव लिहिलेलं होतं. ते समोर ठेवून त्यांनी पडद्यावर तशी अक्षरं शोधायला सुरुवात केली. दुपार गेली. दुसरी दुपार गेली. एकही अक्षर जुळेना. पडद्यावरची अक्षरं चौकोनी, ठाशीव. पुस्तकातली अक्षरं गरगरीत, लोळण घेतलेली. डॉक्टरांनी भिंग आणलं. एक अक्षर त्यांना दाढेच्या एक्स-रेसारखं दिसलं, पण पुढे गाडी सरकेना. शेवटी उलगडा झाला तो असा की हिब्रूत हाताने लिहायची अक्षरं निराळी आणि छापायची निराळी. सरांनी कपाळाला हात लावला.

बायको चहा ठेवायला आली होती. तिने पुस्तक पाहिलं, पडदा पाहिला आणि म्हणाली, "लग्नाच्या पत्रिकेत छापलेलं आहे की तिचं नाव. कपाटात आहे पत्रिका. मला विचारायचं होतं."

"मी विचारणारच होतो," सर म्हणाले.

पत्रिका मिळाली. छापील, ठसठशीत, चार अक्षरी नाव. शेवटी 'न'. पत्रिकेबरोबर ज्ञानही मिळालं, कारण डॉक्टर कुठूनसं वाचून आले की हिब्रूत 'न' दोन असतात. एक मधे वापरायचा, आखूड. दुसरा फक्त शब्दाच्या शेवटी, लांब पाय सोडलेला. "शेवटी बसायला मिळालं की कोणीही पाय सोडतोच," डॉक्टर म्हणाले. सरांना हे आवडलं. लिपीत शिस्त होती.

पण कीबोर्डवर कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर येतं हे सरांच्या बोटांना ठाऊक नव्हतं. बोटांचे डोळे उघडेनात आणि कपाळाखालचे मिटून चालेना. डॉक्टरांनी कळांवर चिकटवायला अक्षरांचे स्टिकर आणून दिले. ते एकेका कळीवर लावताना सरांना इतकी लाज वाटली की त्यांनी दाराला कडी घातली. कोणी जुना विद्यार्थी नेमका आत्ताच "सर, ओळखलंत का?" म्हणत आला असता तर? कीबोर्डकडे टक लावून, एका बोटाने, जीभ दाताखाली धरून सर टाईप करत होते. सूनबाई घरी यायच्या आधी ते कीबोर्डवर टॉवेल टाकायचे. कॉम्प्युटरला सर्दी झालीय की काय, असं बायको विचारायची.

आणि तेवढं करूनही ओळ काही सरळ राहीना. इंग्रजीत आडनाव लिहिलं, आडवी रेघ मारली, इथवर सगळं शहाण्यासारखं. मग हिब्रू सुरू केलं की कर्सर एका जागी खिळून बसायचा आणि अक्षरं त्याच्या पोटातून निघून भलतीकडे सरकायची. डावीकडचा बाण दाबला की उजवीकडे. खोडायचं एक अक्षर, पुसलं जायचं दुसरं. ठीक आहे, नवी लिपी आहे, समजून घेऊ, असं सर म्हणाले. चार अक्षरं झाली. पुढे चौदा हा नंबर लिहिला. नंबरने टुणकन उडी मारली आणि तो आडनाव आणि नाव यांच्या मधे जाऊन बसला.

सरांनी तो खोडला. शेवटी जाऊन पुन्हा लिहिला. पुन्हा मधे. हळू लिहिला. मधे. आधी एक लिहून थोडं थांबून मग चार लिहिला, तर एक मधे जाऊन बसला आणि चार त्याला सामील झाला. कंसात टाकून बघा, असं डॉक्टर म्हणाले. कंसात टाकल्यावर एक कंस इकडे गेला, एक तिकडे, आणि दोघांचीही तोंडं एकाच दिशेला झाली.

"हे कसं दिसतंय माहितीय?" डॉक्टर म्हणाले. "नवरा-बायकोच्या मधे सासरा बसल्यासारखं."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरांना घरी काहीतरी काम आठवलं.

शेवटी सरांनी आपल्या एका विद्यार्थ्याला फोन केला. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. फोन करताना त्यांनी आवाज असा लावला की जणू त्याचीच परीक्षा घेतायत. तो म्हणाला, "सर, कॉम्प्युटरला वाटतं, नंबर हिब्रूचाच भाग आहे. म्हणून तो त्याला उजवीकडून मोजतो. नाव आणि नंबर यांच्या मधे एक खूण टाका. ती दिसत नाही, पण असते."

"दिसत नाही?"

"नाही सर. अदृश्य अक्षर आहे ते."

सरांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. कळ दाबली की काहीतरी उमटतं, या एका श्रद्धेवर त्यांनी आयुष्य काढलं होतं. पण ते अदृश्य अक्षर टाकताच नंबर मुकाट्याने शेवटी जाऊन उभा राहिला. सरांनी नमुना छापला आणि सेक्रेटरींकडे नेला. सेक्रेटरींनी पट्टी काढून इंग्रजी अक्षरांची उंची मोजली, हिब्रू अक्षरांची मोजली, समाधान झालं. आपल्या प्रामाणिक स्वभावाला अनुसरून सरांनी अदृश्य अक्षराचीही माहिती दिली. इथे ते चुकले.

"म्हणजे पाटीवर असं काहीतरी आहे जे मला दिसत नाहीये?"

"कोणालाच दिसत नाही."

"मग त्याची उंची मी मोजू कशी?"

वाद तासभर चालला. शेवटी 'पाटीवरील अदृश्य मजकुराची जबाबदारी फ्लॅटधारकाची राहील' असं नमुन्याखाली लिहून घेऊन सेक्रेटरींनी सही केली.

विहीणबाई यायला आता थोडेच दिवस राहिले होते. सर पेन ड्राइव्ह घेऊन पाटीवाल्याकडे धावले. पाटीवाला दिलखुलास माणूस. "चिंताच सोडा," हे त्याचं पहिलं वाक्य असायचं, शेवटचंही तेच. त्याने सरांची ओळ आपल्या मशीनच्या कॉम्प्युटरवर उघडली. सरांनी खिशातून पत्रिका काढून पडद्याशेजारी धरली. नाव उलटं झालं होतं. शेवटचा पाय सोडलेला 'न' पहिल्या जागेवर येऊन बसला होता. आणि ज्या अक्षराला दिसण्याची परवानगीच नव्हती, ते इथे एक रिकामा चौकोन होऊन ढळढळीत दिसत होतं.

"आमचं मशीन सगळं डावीकडूनच ओढतं," पाटीवाला म्हणाला. "चौकोन मी खोडून टाकीन. नावाचं बघतो काहीतरी. चिंताच सोडा."

पण चिंता सोडणारा माणूस टायपिंगचा क्लास काढत नाही. घरी येताना रस्त्यातच सरांना सुचलं आणि ते जागीच थांबले, इतकं ते सोपं होतं. मशीन नाव उलटं करतं ना? मग आपण ते घरूनच उलटं टाईप करून द्यायचं. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं! घरी येऊन त्यांनी नाव शेवटच्या अक्षरापासून पहिल्या अक्षरापर्यंत टाईप केलं, त्याचा एक कागद छापून खिशात घातला आणि फाईल पाटीवाल्याला नेऊन दिली. नेमका पाटीवाला दुकानात नव्हता. त्याच्या बायकोने फाईल ठेवून घेतली. सरांनी तिला काही समजावलं नाही, कारण समजावायला सुरुवात केली असती तर संध्याकाळ झाली असती.

पाटीवालाही शब्दाचा पक्का. 'बघतो काहीतरी' म्हणाला होता, तर त्याने खरोखरच बघितलं होतं. त्याने मेहुण्याला बोलावलं आणि मेहुण्याने मशीनच्या कॉम्प्युटरला उजवीकडून ओढायला शिकवलं. आता चौकोनही दिसेना आणि हिब्रू जसं द्यावं तसं दिसायला लागलं. मग सरांनी दिलेली फाईल त्याने उघडली आणि कोरायला घेतली. म्हणजे चूक कोणाचीच नव्हती. दोन भल्या माणसांनी एकमेकांना न सांगता एकच चूक सुधारली होती, इतकंच.

विहीणबाई यायच्या त्याच दिवशी पाटीवाला पाटी घेऊन आला. सूनबाई आईला आणायला स्टेशनवर गेलेली. गाडी कधीचीच आलेली असणार. मेहुण्याचं कौतुक करत करत पाटीवाल्याने भोकं पाडली, स्क्रू पिळले. पितळ झळकत होतं. सर कसोशीचे. त्यांनी खिशातला कागद काढला आणि पाटीवरचं एकेक अक्षर त्याच्याशी ताडून पाहिलं. पहिलं, बरोबर. दुसरं, बरोबर. तिसरं, चौथं, नंबर शेवटी. सगळे हजर. मागे सरून, मान तिरकी करून त्यांनी पाटी डोळे भरून पाहिली. पत्रिका आत कपाटात होती आणि खिशात होता तो उलट्या नावाचा कागद. पण आनंदाच्या भरात इतका तपशील कोणाच्या लक्षात राहतो?

लिफ्टचा आवाज आला. सर लगबगीने आत गेले, दार लावलं आणि दाराच्या भोकाला डोळा लावला. त्या गोल भिंगातून दोघी फुगून दिसत होत्या, विहीणबाईंच्या हातात पिशवी, सूनबाईच्या हातात बॅग. सूनबाईने बेलकडे हात नेला आणि तो तसाच राहिला. तिने पाटी पाहिली होती. मग विहीणबाई पुढे झुकल्या आणि मोठ्याने नाव वाचू लागल्या. त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते नाव नव्हतं. ती जवळजवळ शिंकच होती.

"हे कोण राहतं गं इथे?" विहीणबाई म्हणाल्या.

आणि सूनबाई हसली. सरांनी तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. बॅग खाली ठेवून, भिंतीला टेकून, डोळे पुसत ती हसत होती. विहीणबाईंनी पुन्हा ते वाचायचा प्रयत्न केला आणि मग दोघींनाही आवरेना. दारामागे सरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्यांना सगळा उलगडा झाला, मेहुण्यासकट. इतकी वर्षं मुलांच्या चुका लाल पेनाने गोल केल्या, आणि आपली चूक पितळेत कोरून दाराला टांगली!

बायकोने त्यांना बाजूला करून दार उघडलं. सर हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच बाहेर आले. विहीणबाईंना नमस्कारसुद्धा त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरसकट केला.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "काढतो मी ही. जरा उलटसुलट झालंय."

"राहू द्या हो, व्याहीबुवा," विहीणबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "शेवटचा न पहिल्या रांगेत आलाय, त्याला तरी हा मान कधी मिळणार?"

सर पहिला स्क्रू पिळू लागले. स्क्रू हलेना. पाटीवाला नको तिथे पक्का होता. सूनबाईचं हसू ओसरलं आणि तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"सर, हे तुम्ही टाईप केलंत?"

"मग आणखी कोण करणार?"

"पण आपल्या कीबोर्डवर ही अक्षरं नाहीत. न बघता कसं जमलं?"

सर पाटीकडे तोंड करून उभे होते. "बघून केलं," ते म्हणाले. "एका बोटाने."

सूनबाई सरळ आत गेली, कॉम्प्युटरवरचा टॉवेल उचलला आणि उभी राहिली. प्रत्येक कळीवर एकेक स्टिकर, काही वाकडे, काही सोलून पुन्हा चिकटवलेले. तिने त्यांवरून बोटं फिरवली. मग खुर्ची ओढली, शेजारी दुसरी ओढली आणि हाक मारली, "इकडे या. मी शिकवते."

सर गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते कीबोर्डसमोर विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसले. विहीणबाई चहाचा कप घेऊन मागे उभ्या राहिल्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात.

"उजवीकडून लिहितात एवढं लक्षात ठेवा, बाकी मशीन बघून घेतं," सूनबाई म्हणाली. "त्याला मदत करायला जायचं नाही."

"मी मदत केली तिथेच घोड्याने पेंड खाल्ली," सर म्हणाले.

"आधी एक सोपा शब्द घेऊ. हा कोणालाही बिघडवता येत नाही. तुम्हालाही नाही." तिने न बघता तीन कळा दाबल्या. पडद्यावर उमटलं: אבא

सरांनी संशयाने पाहिलं. पहिलं आणि तिसरं अक्षर एकच होतं. त्यांनी खोडून शेवटाकडून टाईप केलं. तेच आलं. पुढे चौदा लिहिला. चौदाने उडी मारली, पण शब्द जागचा हलला नाही. मेहुणा येवो, पाटीवाला येवो, मशीन उजवीकडून ओढो की डावीकडून, त्या शब्दाचं काही म्हणता काही वाकडं होत नव्हतं.

"वा," सर म्हणाले. "कसा म्हणायचा?"

"आबा."

"अर्थ?"

"आबा."

"अगं, उच्चार कळला. मी अर्थ विचारतोय."

"अर्थच सांगतेय," सूनबाई म्हणाली, पण त्यांच्याकडे न बघता, कळांकडे बघून. "तुमच्याकडे जो आहे, तोच."

मागे विहीणबाईंच्या हातातला कप बशीत टेकल्याचा आवाज झाला. "हिचे वडील गेल्यापासून हिने हा शब्द तोंडातून काढला नव्हता," त्या हळूच म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि त्यांना काहीच नीट दिसेना. ते क्लासमध्ये म्हणायचे तसं त्यांच्या तोंडून निघालं, "पुन्हा एकदा."

सूनबाईने लगेच बोटं कळांवर ठेवली.

"टाईप नको गं," सर म्हणाले. "नुसतं म्हण."